लिनक्सवर यायचंय? आधी सीपीयूच्या मागच्या वायरी मोजा

सीपीयू भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि मागच्या वायरी मोजा. विंडोज सोडून लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर यायचं की नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच लोंबकळत असतं. वीज, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि नेट एवढ्याच वायरी असतील तर खुशाल कामाला लागा. प्रिंटर असेल तर त्याच्या अंगावरचं मॉडेल वाचून घ्या. अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन असेल तर दोन दिवस थांबा आणि आधी हे पूर्ण वाचा.

सध्या हा विषय निघतो तो जुन्या मशीनमुळे. विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव मुदत होती, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. खान्देशातल्या कृषी केंद्रांत, शाळांत, पतपेढ्यांत आणि घरोघरी जे डेस्कटॉप आहेत त्यांतल्या कित्येकांवर आय३-४१३०, आय५-६५००, आय३-७१०० असे आकडे दिसतात. त्यातला रेघेनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो: ४, ६, ७. म्हणजे मशीन धडधाकट, पण विंडोज ११ च्या दारात उभं करत नाहीत. अट चुकवून ११ घालायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दुकानाच्या हिशोबाचं मशीन अशा भरवशावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

लिनक्सच्या बाजूचं पहिलं कारण हेच. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यातलं सोपं ते मिंट. लिनक्स मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळत राहणार आहेत. त्याच आय३-४१३० वर, एक पैसा लायसन्सला न देता. दुसरं कारण लोक मोठ्याने बोलत नाहीत: आपल्याकडच्या किती मशीनवर विंडोज 'ॲक्टिव्हेटर', म्हणजे चोरट्या लायसन्सचं सॉफ्टवेअर, मारून चालवलेलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते ॲक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतं, ॲडमिनचे अधिकार मागतं आणि आपण ते देतो. त्याच मशीनवर मग नेट बँकिंग उघडतो. घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची आणि मग कुलूप चांगल्या कंपनीचं घ्यायचं, असला हा प्रकार.

बाकीची कारणं थोडक्यात. अपडेट कधी करायचं ते तुम्ही ठरवता; बिल फाडताना मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. सॉफ्टवेअर एकाच ठिकाणाहून येतं, त्यामुळे 'फ्री डाउनलोड'च्या हिरव्या बटणांमागे फिरावं लागत नाही. फिशिंग आणि ओटीपीची फसवणूक मात्र लिनक्सवरही तशीच होते, त्यात काही फरक नाही.

कोणी येऊ नये

हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर शिव्या पडत नाहीत.

आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवणारे: आधार प्रमाणीकरणाच्या अंगठ्याच्या मशीनला जी आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठ्याचा ठसा पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर, लागते ती प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड धरून बनवलेली असते. ते मशीन विंडोजवरच राहू द्या.

टॅलीवर हिशोब असणारे: टॅली प्राईम विंडोजसाठीच आहे. वाईन नावाच्या सोयीतून ते लिनक्सवर उघडल्याचे व्हिडिओ सापडतात, पण उघडणं वेगळं आणि मार्च अखेरीला चालणं वेगळं. दोन मशीन असतील तर एक टॅलीला, दुसरं लिनक्सला. एकच असेल तर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवा.

जीएसटी भरणारे: पोर्टल ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतं. एकल मालकीचा धंदा असेल तर ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने काम होतं. कंपनी किंवा एलएलपीला डिजिटल सही सक्तीची आहे, आणि तिथे टोकनचा ड्रायव्हर, जावा आणि सही करणारं सॉफ्टवेअर या तिघांचं एकमेकांशी जमावं लागतं. लिनक्सवर त्यातलं एक ना एक बहुतेकदा रुसतं. जीएसटीच्या ऑफलाईन टूललाही विंडोज आणि एक्सेल लागतं.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, हँडबिलं छापणारे: कोरल ड्रॉ, पेजमेकर, श्रीलिपी यांवर दहा-पंधरा वर्षांच्या फाईली साठलेल्या असतात. लिनक्सवरचं चित्रकामाचं फुकट सॉफ्टवेअर इंकस्केप चांगलं आहे, जुन्या सीडीआर फाईली काही प्रमाणात उघडतंही, पण मराठी अक्षरं जागेवर राहत नाहीत. नवीन शिकणाऱ्याने इंकस्केपवर सुरुवात जरूर करावी. चालू धंदा मात्र हलवू नये.

उरले विद्यार्थी, शिक्षक, पत्रव्यवहार करणारी ऑफिसं, घरचा वापर, सातबारा-फॉर्म-बँक-यूट्यूब-व्हॉट्सॲप वेब करणारे, प्रोग्रॅमिंग शिकणारे. हा गट लहान नाही. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्सच चालतंय, आणि तिथल्या पोरांचं काही अडलेलं नाही.

प्रिंटर: इथेच गाडं अडतं

कॅननचा एलबीपी २९००. आपल्याकडे झेरॉक्सच्या टपरीपासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारा हा प्रिंटर. लिनक्सवर मात्र नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तो कॅननच्या स्वतःच्या सीएपीटी भाषेत बोलतो, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, त्यातले काही भाग ३२ बिटचे आहेत, आणि सगळं जमवल्यावरही पहिलं पान छापून दुसऱ्या पानाला तो गप्प बसू शकतो. स्वयंसेवकांनी लिहिलेला वेगळा ड्रायव्हर आहे, पण रोज शंभर पानं काढायची असतील तर या प्रिंटरसाठी लिनक्सचा नाद सोडा, किंवा लिनक्ससाठी या प्रिंटरचा.

एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण त्याची खोड समजून घ्या. या प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या आत कायमचं साठवलेलं नसतं. दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरने ते त्याला पाठवावं लागतं. लिनक्सवर हे काम एचपीलिप नावाचं एचपीचं सॉफ्टवेअर करतं, आणि त्याला एचपीचं प्लगिन वेगळं उतरवावं लागतं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडून 'एचपी-प्लगिन' ही कमांड द्या, नेट चालू ठेवा, अटी मान्य करा, झालं. (इथल्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.) आता लाईट जाऊन आली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि प्रिंटर तेवढा बंद होऊन चालू झाला, तर कधी कधी फर्मवेअर पुन्हा पोचत नाही. प्रिंट रांगेत अडकते, दिवा हिरवा असतो, कागद हलत नाही. यूएसबीची वायर काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

एप्सनचे इंक टँक, म्हणजे एल ३११०, एल ३१५० वगैरे, सगळ्यात कमी कटकटीचे. ईएससीपीआर ड्रायव्हर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतो. वाय-फायवाला प्रिंटर असेल तर बरेचदा काहीच टाकावं लागत नाही, तो स्वतःच यादीत येतो. फक्त एक लक्षात ठेवा: 'इंक पॅड भरलं' म्हणून प्रिंटर अडून बसला की दुरुस्तीवाला जे रीसेट सॉफ्टवेअर चालवतो, ते विंडोजवरच चालतं.

कृषी केंद्रात अजून बिलाचा डॉट मॅट्रिक्स कर्रकर्र करत असेल तर तो एप्सनची नक्कल करतो का ते मॅन्युअलमध्ये बघा; करत असेल तर कप्सच्या, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेच्या, यादीतला 'एप्सन ९-पिन' ड्रायव्हर निवडा. छापेल, पण चित्र म्हणून छापेल, त्यामुळे हळू.

मशीनला आधी काय लागतं

लिनक्स टाकल्यावर जुनं मशीन उडायला लागतं, ही अर्धी थाप आहे. मिंटची सिनॅमन आवृत्ती सुरू झाल्यावर साधारण १ जीबीच्या आसपास रॅम घेते, विंडोज त्याच मशीनवर दोन-तीन जीबी धरून बसतं. फरक खरा आहे. पण क्रोममध्ये पंधरा टॅब उघडल्या की दोन्हीकडे सारखीच बोंब. ४ जीबी रॅम असेल तर सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबी असेल तर सिनॅमन. २ जीबीच्या जुन्या पेंटियमवर अख्खा रविवार घालवू नका.

खरा वेग एसएसडीने येतो. फिरती हार्ड डिस्क काढून २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी बसवली, तर जो फरक दिसतो तो कोणतीही सिस्टीम बदलून दिसत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे. लॅपटॉपची रॅम वाढवताना मात्र डीडीआर३ की डीडीआर३एल ते बघून घ्या. चौथ्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची 'एल'वालीच लागते; १.५ व्होल्टची साधी बसते खरी, पण मशीन चालूच होत नाही आणि माणूस मदरबोर्ड गेला समजतो.

जुनीच डिस्क ठेवणार असाल तर तिची तब्येत बघा. मिंटच्या 'डिस्क्स' ॲपमध्ये मेनूतून स्मार्ट डेटा उघडतो. तिथे 'रिअलोकेटेड सेक्टर काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी वाचा. दोन्ही शून्य असतील तर ठीक. पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. तिच्यावर नवी सिस्टीम घालणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग.

आणि धूळ. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जिनिंगच्या आसपास तर हीटसिंकवर कापसाच्या तंतूंची गादीच बसते. ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटाने धरून मारा (नाहीतर तो उलटा गरगर फिरून खराब होतो), सुकलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. हे लिनक्स करून देणार नाही.

आधी चाखून बघा

मिंटची आयएसओ फाईल, म्हणजे जिच्यातून ते टाकायचं ती, जवळजवळ ३ जीबीची आहे. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर ब्राउझरमधून उतरवू नका, अर्ध्यावर तुटते. टोरंटने घ्या, उद्या राहिलेली तिथूनच पुढे सुरू होते. उतरल्यावर तपासा: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल -हॅशफाईल', पुढे फाईलचं नाव आणि 'एसएचए२५६' लिहिलं की एक लांबलचक आकडा येतो. तो मिंटच्या साईटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. हे पाऊल सगळे गाळतात आणि मग इन्स्टॉल ८० टक्क्यांवर अडकलं म्हणून फोन करतात.

पेनड्राईव्ह ८ जीबीचा पुरे, पण खरा ८ जीबीचा. बाजारात '६४ जीबी' लिहिलेले खोटे पेनड्राईव्ह असतात, ते लिहिताना हो म्हणतात आणि वाचताना तोंडघशी पाडतात. बूट होताना पडद्यावर 'स्क्वॅशएफएस एरर'च्या ओळी धावायला लागल्या, तर पहिला संशय पेनड्राईव्हवर घ्या. विंडोजमधल्या रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने त्यावर आयएसओ चढवा. पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं जातं.

मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबत राहिलं की बूटची यादी येते. एसरला एफ१२ चालतं, पण आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते सुरू करावं लागतं. पेनड्राईव्ह निवडा. आता जे दिसतं ते पेनड्राईव्हवरूनच चालतंय, डिस्कला अजून हातही लागलेला नाही. इथे तासभर घालवा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला का, लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, आणि पक्कं इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमच्या चिपला बहुधा तिथूनच ड्रायव्हर मिळतो. जी२१० किंवा जीटी ६१० असलं जुनं एनव्हिडिया कार्ड असेल, तर कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसू नका. नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, तो मिळत नाही. लिनक्समधला नूव्हो ड्रायव्हर साध्या कामाला पुरतो.

दोन्ही शेजारी ठेवताना

बॅकअप. दोन ठिकाणी. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

त्यानंतर विंडोजमध्ये तीन गोष्टी. पहिली, 'डिव्हाईस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर बायोसमध्ये हात लावल्यावर विंडोज ४८ आकडी कुलूप लावून बसेल. दुसरी, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. त्याने फास्ट स्टार्टअप बंद होतं. ते चालू राहिलं तर विंडोज बंद केल्यावरही ड्राईव्ह अर्धवट झोपलेला राहतो, आणि लिनक्समधून तुमचा डी ड्राईव्ह उघडतो पण त्यात काही सेव्ह होत नाही. 'लिनक्सने माझा ड्राईव्ह लॉक केला' ही तक्रार दहापैकी नऊ वेळा हीच असते. तिसरी, जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, किमान ५० जीबी. मिंट २० जीबीत बसतं, पण वर्षभरात कोंडमारा होतो.

इन्स्टॉलच्या वेळी डिस्कच दिसली नाही, तर घाबरू नका. ११ व्या पिढीच्या आणि त्यापुढच्या लॅपटॉपांत डिस्क इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी मोडमध्ये असते. बायोसमध्ये तो मोड बदलून एएचसीआय करावा लागतो, पण सरळ बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर जाईल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावा, मग बायोसमध्ये बदला, मग एकदा सेफ मोडमध्ये जाऊन परत नेहमीच्या मोडवर या.

सगळं झाल्यावर घड्याळ साडेपाच तास इकडे-तिकडे गेलेलं दिसेल. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ स्थानिक धरतं, लिनक्स ती जागतिक वेळ धरतं, आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. 'टाईमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड एकदा दिली की भांडण मिटतं. बायोसच्या बूट यादीत मिंटऐवजी 'उबंटू' असं नाव दिसलं तरी ते आपलंच.

मराठी, आणि अहिराणीही

सेटिंगमध्ये कीबोर्ड, लेआउट, अधिक चिन्ह, आणि मराठी. इन्स्क्रिप्ट येत असेल तर काम एवढंच. इंग्रजी उच्चाराने लिहायची सवय असेल तर त्याच यादीत मराठीचा 'कगप' फोनेटिक लेआउट आहे. रेमिंग्टनची सवय असलेल्या टायपिस्टांसाठी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकावी लागतात.

इन्स्क्रिप्टचं एक अक्षर मुद्दाम सांगतो, कारण खान्देशात त्याच्याशिवाय पान हलत नाही. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यांतला डोळ्याच्या पापणीसारखा र. मराठीत तो अधूनमधून येतो; अहिराणीत 'काय करी ऱ्हायना?' असं दर दुसऱ्या वाक्याला येतो. साधा र, हलंत आणि ह दिलं तर 'र्ह' होऊन र डोक्यावर जाऊन बसतो. त्यासाठी शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे हलंत, मग यू म्हणजे ह. ऱ्ह तयार. पुढे ई, तिरकी रेघ, व्ही, ई: 'ऱ्हायना'. मराठीचा शब्दकोश लिबरऑफिसला (वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं फुकट सॉफ्टवेअर) एक्स्टेन्शन म्हणून जोडता येतो, पण तो अहिराणीच्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो. 'से', 'जाई', 'ऱ्हायना' असे नेहमीचे पन्नासेक शब्द उजव्या क्लिकने शब्दकोशात टाकले की पान बरंच शांत होतं.

लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलतच नाही, अशी तक्रार हमखास येते. कारण असं: त्यात इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल इथे जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा आणि मराठी निवडा. मग त्याच ऑप्शन्समध्ये रायटरखाली 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' उघडून नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता, आकार १२, एकदाच ठरवून टाका.

सरकारी पत्रं बहुधा मंगल फॉन्टमध्ये असतात. तो विंडोजचा फॉन्ट, लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी दुसरा येतो, ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र सहीपुरतं दुसऱ्या पानावर जातं. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा. कृतिदेवच्या जुन्या फाईली ही वेगळी भानगड: त्या मुळात इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. फॉन्टची फाईल तुमच्याकडे असेल तर ती टाका, फाईल दिसेल. पण त्यात शोधता येणार नाही. एकदाच कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

जाता जाता, झेरॉक्सच्या दुकानातून शॉर्टकट व्हायरस घेऊन आलेला पेनड्राईव्ह लिनक्समध्ये लावून बघा. विंडोजमध्ये लपलेले फोल्डर इथे सरळ दिसतात, कधी एखाद्या बिननावाच्या फोल्डरात. शेपटीला एलएनके किंवा व्हीबीएस असलेल्या फाईली उडवा, आपल्या फाईली बाहेर काढा.

लाईट गेल्यावर

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात त्या गावांतही लाईट जायची तेव्हा जाते, आणि डेस्कटॉपला यूपीएस असतोच असं नाही. लिनक्सची ईएक्सटी४ फाईल सिस्टीम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडलं तरी सहसा स्वतःच सावरते. उघड्या फाईलमधलं सेव्ह न केलेलं मात्र जातं. लिबरऑफिसची ऑटोरिकव्हरी १० ऐवजी ३ मिनिटांवर आणा.

अपडेट चालू असतानाच लाईट गेली, तर नंतर काहीच इन्स्टॉल होत नाही आणि 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं येतं. टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या, ते संपलं की 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल'. पुढची अपडेट लाईटचा भरवसा असेल तेव्हाच घ्या.

क्वचित मशीन डेस्कटॉपपर्यंत न येता काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' लिहून थांबतं. वरच्या ओळींत 'रन एफएससीके मॅन्युअली' आणि एखादं नाव दिसेल, समजा '/डेव्ह/एसडीए२'. तेच नाव वापरून 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२' द्या, पूर्ण होऊ द्या, मग 'एक्झिट'. महिन्यातून दोनदा असं होत असेल तर कमांड पाठ करण्याऐवजी यूपीएस घ्या.

सिस्टीमच्या प्रती ठेवणारं टाईमशिफ्ट ॲप पहिल्याच दिवशी लावा: रोजच्या २ प्रती, आठवड्याची १. १२० जीबीच्या एसएसडीवर यापेक्षा जास्त ठेवलं तर डिस्क भरते आणि लॉगिनच होत नाही. टाईमशिफ्ट सिस्टीम परत आणतं, तुमचे फोटो आणि बिलं नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवरच.

लाईट आल्यावर ब्राउझरने प्रत्येक साईटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हटलं आणि अपडेटने 'फाईल अजून वैध नाही' म्हटलं, तर कोपऱ्यातली तारीख बघा. ती मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. नेट जोडलं की लिनक्स वेळ आपोआप सुधारतं, पण सेल संपला की बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात: बूटचा क्रम बदलतो, साटाचा मोड बदलतो, आणि माणूस मिंट पुन्हा टाकायला बसतो. प्लग काढा, सेल बदला, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा, बायोसमध्ये जाऊन तारीख, साटा मोड आणि बूटचा क्रम परत लावा.